हरकत नाकारा, पण कारण द्या

पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राचा (म्हणजे निसर्ग जपण्यासाठी खाणी-कारखान्यांवर बंधनं येतात त्या पट्ट्याचा) मसुदा केंद्राने 31 जुलै 2024 ला पुन्हा काढला. 2014 पासूनचा हा सहावा. हरकतींसाठी मुदत 60 दिवस. कोकणातल्या काकांना फोनवर विचारलं, या वेळी हरकत टाकलीत का? ते नुसते हसले.

मी न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला राहतो. इथे पाणी, माती, किनारा यांचा आराखडा रीजनल कौन्सिल (प्रादेशिक परिषद) करते आणि तिची हद्द बहुतांशी नद्यांच्या खोऱ्यांवरून आखलेली असते. आमच्या आराखड्याचं नाव ‘वन प्लॅन’ (वन म्हणजे जंगल नव्हे, एक, सगळे आराखडे एकात). मसुदा 2007 चा, लागू झाला 2014 च्या अखेरीस. गोठ्या-कुरणांतून नदीत झिरपणाऱ्या नायट्रोजनला मर्यादा घातल्याने शेतकरी खवळले, भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

गंमत म्हणजे इथेही हरकतींना किमान मुदत कामाचे 40 दिवस, म्हणजे आठ आठवडे, जवळपास आपल्याइतकीच. फरक पुढे पडतो. कोणी काय मागितलं याचा गोषवारा कौन्सिलला छापावा लागतो. बोलायचंय असं लिहिलंत तर सुनावणीत बोलू द्यावं लागतं. मागणी मान्य असो वा अमान्य, कारण लेखी द्यावं लागतं. ते पटलं नाही तर पर्यावरण न्यायालय आहेच.

त्याने नद्या स्वच्छ झाल्या असं मात्र कोणी समजू नये. डेअऱ्यांना परवाने देताना कौन्सिलने स्वतःचाच आराखडा नीट पाळला नाही, असं 2017 मध्ये त्याच न्यायालयाला सांगावं लागलं.

आपल्याकडे मात्र वाद ‘पर्यावरणवाले विरुद्ध गाववाले’ असाच रंगवतात. मला ते खोटं वाटतं. सिंधुदुर्गातल्या 25 गावांनी ठराव करून ‘आम्हाला इको-सेन्सिटिव्ह करा’ असं केंद्रानेच पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीला सांगितलं होतं. हद्दी ग्रामसभांना विचारून ठरवा, असं समितीचंही म्हणणं होतं. तो 2011 चा अहवाल केंद्राने दाबून ठेवला. माहिती आयोगाने बजावल्यावर 2012 मध्ये बाहेर आला.

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांच्याकडे आधीच्या हरकतींच्या पोचपावत्या आहेत, फाइलला नीट लावलेल्या. उत्तर एकाचंही नाही.

“तुमच्याकडे नाकारली तरी लिहून कळवतात?”

“कळवतात.”

“मग नाकारलेली चालेल रे मला.”