लवचिकता मुलींची आणि ताकद मुलांची, ही वाटणी बर्फावर कोणी केली?

स्वित्झर्लंडच्या डेनिझ बिलमन यांनी १९७८ मध्ये स्पर्धेत ट्रिपल लुट्झ ही हवेत तीन फेऱ्या घेण्याची उडी यशस्वी करून दाखवली. ती करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला होत्या. पुढे १९८१ मध्ये त्या विश्वविजेत्या झाल्या. आज फिगर स्केटिंगच्या प्रत्येक स्पर्धेत त्यांचे नाव घेतले जाते, पण ते एका स्पिनसाठी: एका पायावर गिरकी घेत असताना दुसरा पाय पाठीमागून उचलायचा आणि त्याचे पाते दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर धरायचे. उडीला ऑस्ट्रियाचे स्केटर अलॉइस लुट्झ यांचे नाव आधीपासून होते, हे मान्य. तरीही ज्या खेळाडूने ताकद आणि लवचिकता या दोन्हींत आपल्या पिढीच्या पुढे पाऊल टाकले, तिची सामान्य प्रेक्षकांच्या मनात उरलेली ओळख केवळ लवचिकतेची आहे, ही गोष्ट मला अनेक वर्षे अस्वस्थ करत आली आहे.

फिगर स्केटिंगवर माझे मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच हे लिहिते आहे. पाठ किती मागे वळते, पाय किती वर जातो, हे शरीराची ठेवण आणि वर्षानुवर्षांचा सराव यांवर ठरते. या खेळाने मात्र ते स्त्रीत्वाचे लक्षण मानले. त्यामुळे ज्या मुलांमध्ये हा गुण आहे त्यांना तो दाखवताना संकोच वाटतो, आणि ज्या मुलींमध्ये तो कमी आहे त्यांना तो कसाही करून मिळवावा लागतो.

ही केवळ प्रेक्षकांची आवड असती तर काळानुसार बदलली असती, पण ती नियमांत उतरलेली आहे. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकपर्यंत महिलांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या घटकांच्या छोट्या कार्यक्रमात, स्पायरल, म्हणजे एक पाय मागे उंच धरून लांबवर घसरत जाण्याची मालिका, सक्तीची होती, तर पुरुषांना त्या जागी पदन्यासाची दुसरी मालिका करावी लागे. स्पायरलची सक्ती त्यानंतर गेली. तरीही शॉर्ट प्रोग्रॅममधल्या एका स्पिनसाठी महिलांना पाठ मागे किंवा बाजूला झुकवून करायच्या लेबॅकचा पर्याय आजही आहे, आणि पुरुषांच्या त्याच जागी फक्त कॅमल (एक पाय मागे आडवा ठेवून) किंवा सिट (बसल्यासारखे खाली वाकून) स्पिन पाय बदलून करायचा असतो. शिवाय २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या निकालाच्या वादानंतर जी नवी गुणपद्धती आली, तिच्यात प्रत्येक स्पिनला काठिण्यानुसार पातळी मिळते आणि लेबॅकमधून बिलमनच्या स्थितीत जाणे हा पातळी वाढवण्याचा एक मान्य मार्ग आहे. एकेकाळी मोजक्या खेळाडूंची खासियत असलेली ही स्थिती अशा रीतीने बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या रोजच्या सरावात आली. तिच्यासाठी कंबर, खांदे आणि मांडीचे सांधे एकाच वेळी टोकाला न्यावे लागतात. वाढत्या वयात कमरेचे मणके वारंवार मागे वाकवल्याने त्यांवर काय ताण येतो, हे जिम्नॅस्ट आणि स्केटर मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे.

मुलांची बाजू वेगळी आहे. रशियाचे येवगेनी प्लुशेन्को किशोरवयात बिलमन स्पिन करत. जपानचे युझुरू हान्यू यांनीही आपल्या सुरुवातीच्या हंगामांत तो स्पर्धेत केला. दोघेही ऑलिंपिक विजेते, हान्यू तर २०१४ आणि २०१८ असे सलग दोनदा. त्यांच्या चार फेऱ्यांच्या उड्यांकडे पाहताना त्यांची लवचिकता कोणाला खटकली नाही, असे काही जण म्हणतात. मला या युक्तिवादातच खरी अडचण दिसते. उड्यांनी आधी पौरुष सिद्ध केल्यावर त्या मुलाला वाकण्याची परवानगी मिळत असेल, तर ज्याच्या उड्या मध्यम आहेत पण ज्याची पाठ आणि हात अप्रतिम बोलतात, त्याने काय करावे? अमेरिकेच्या जॉनी वीअर यांना २०१० च्या ऑलिंपिकमध्ये याचा अनुभव आला. क्यूबेकच्या फ्रेंच वाहिनीवरच्या दोन समालोचकांनी त्यांची लिंगचाचणी करावी अशा अर्थाची टिप्पणी केली आणि मुलग्यांपुढे ते वाईट उदाहरण ठेवतात असेही सुचवले. नंतर माफी मागितली गेली. वीअर यांनी पत्रकार परिषद घेऊन अत्यंत शांतपणे आपली बाजू मांडली. हान्यू ज्यांना आदर्श मानत, त्यांत प्लुशेन्को यांच्याबरोबर हेच वीअर होते. एका खेळाडूच्या ज्या शैलीची वाहिनीवरून टिंगल झाली, तिच्यातून दुसऱ्या देशातला एक मुलगा शिकला आणि विजेता झाला.

हान्यू यांच्या लेबॅक इना बाउअरविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. दोन्ही पाती बर्फावर ठेवून, पुढचा गुडघा वाकवून, पाठ मागे झोकून देत आडवे सरकत जाण्याची ही हालचाल हान्यू यांच्याच सेंडाई शहरातल्या शिझुका आराकावा यांनी २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये केली होती. त्या वेळच्या गुणपद्धतीत तिला स्वतंत्र गुण नव्हते. तरीही आराकावा यांनी ती कार्यक्रमात ठेवली आणि सुवर्णपदक मिळवले. हान्यू यांनी ती उचलली, तेव्हा त्यांच्या शरीरात ती वेगळी दिसली: अधिक वेगवान, संगीताच्या एखाद्या उंच स्वरावर अचानक उघडणारी. स्त्रीची हालचाल पुरुषाने केली, असे ती पाहताना मला कधीच वाटले नाही. एक हालचाल दोन थोर कलावंतांनी आपापल्या परीने केली, एवढेच दिसले.

मुलींना या वाटणीची किंमत दुसऱ्या टोकाने मोजावी लागते. फ्रान्सच्या सूर्या बोनाली पाच वेळा युरोपच्या विजेत्या झाल्या आणि जागतिक स्पर्धेत तीन वेळा दुसऱ्या आल्या. त्यांच्याविषयी सतत म्हटले गेले की त्या ताकदवान आहेत, पण लालित्यपूर्ण नाहीत. एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाट्याला हे विशेषण इतक्या वेळा यावे, यात वंशाचाही भाग होता असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट रशियाच्या युलिया लिपनित्स्काया यांनी २०१४ मध्ये सोची येथे पंधराव्या वर्षी आपल्या अविश्वसनीय लवचिकतेने जगाला थक्क केले आणि १९ वर्षांच्या असताना, अॅनोरेक्सिया या खाणे टाळायला लावणाऱ्या आजाराशी झुंज दिल्यानंतर, निवृत्ती जाहीर केली. त्या आजाराचे कारण एका स्पिनमध्ये शोधणे चुकीचे होईल. पण बारीक, हलके, मोठे न झालेले शरीर म्हणजेच सुंदर शरीर, अशी अपेक्षा जिथे असते तिथे वाढणाऱ्या मुलीला आपली वाढ शत्रू वाटू लागते. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ मध्ये वरिष्ठ गटासाठी किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ करण्याचा निर्णय घेतला, तो मला म्हणूनच अत्यंत योग्य वाटतो.

स्त्रियांचे सांधे सरासरीने अधिक लवचिक असतात, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण ऑलिंपिकमध्ये सरासरी माणूस उतरत नाही. तिथे पोचलेल्या पुरुषांत अनेक जण बहुसंख्य स्त्रियांपेक्षा लवचिक असतात आणि तिथल्या स्त्रिया बहुसंख्य पुरुषांपेक्षा उंच उडतात. शिवाय या खेळात नियमांनी नैसर्गिक म्हणून आखलेल्या सीमा आधीही चुकीच्या ठरल्या आहेत. १९०२ च्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या मॅज सायर्स यांनी नाव नोंदवले, कारण स्त्रियांना मनाई करणारा नियमच कोणी लिहिला नव्हता, आणि त्या स्वीडनच्या उलरिख साल्खोव यांच्या मागोमाग दुसऱ्या आल्या. त्यानंतर मनाईचा नियम आला, आणि १९०६ मध्ये स्त्रियांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, ती सायर्स यांनीच जिंकली.

आपल्याकडे बर्फाची मैदाने मोजकीच आहेत म्हणून हा विषय परका वाटू शकतो. पण पुण्या-मुंबईत आर्टिस्टिक रोलर स्केटिंग शिकणारी मुले चाकांवर जवळजवळ याच हालचाली करतात. मुलगा हात वळवून स्पिन करू लागला की कठड्याबाहेरून "हे मुलींसारखं काय करतोयस?" असे एखादे वडील किंवा काका म्हणतात, आणि पुढच्या फेरीत त्या मुलाचे खांदे आखडलेले असतात, हे मी पाहिले आहे. प्रशिक्षकांनी अशा वेळी गप्प राहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नियमांच्या बाबतीत माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. शॉर्ट प्रोग्रॅममधल्या स्पिनचे पर्याय दोन्ही गटांना सारखे असावेत, म्हणजे ज्या पुरुषाला लेबॅक करायचा आहे त्याला तो तिथे करता येईल आणि ज्या मुलीची पाठ त्यासाठी घडलेली नाही ती सिट स्पिन कोणताही कमीपणा न वाटता निवडील. महिलांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये चार फेऱ्यांच्या उड्यांना असलेली बंदी उठावी. कनिष्ठ गटात बिलमनसारख्या टोकाच्या स्थितीला पातळीचे गुण देताना वयाचा विचार व्हावा. आणि परीक्षकांनी पाय किती उंच गेला यापेक्षा ती हालचाल संगीताशी कशी जुळली, पात्याची कड किती खोल होती आणि वेग टिकला का, याला अधिक महत्त्व द्यावे.