फ्लश दाबा आणि विसरा

तुमचं गाव अजून नगरपरिषदेवरच अडकलंय, ओढ्यात पोरं मासे धरतात आणि पाहुण्यांसमोर तुम्हाला त्याची लाज वाटते, असं ऐकलं. वाटणारच. मोठं शहर व्हायचं तर मैलापाण्याच्या काही गोष्टी शिकून घ्याव्या लागतात, आणि त्या शिकवायला पुणेकराएवढा लायक माणूस कुठे मिळणार, आम्ही तर न विचारताच सांगतो.

सुरुवात हद्दीपासून करा, पाईपचं नंतर बघू. आम्ही 2017 साली 11 गावं घेतली, 2021 साली आणखी 23, आणि एका कागदावर क्षेत्रफळात मुंबईला मागे टाकून राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झालो, पेढे वाटायचीच गोष्ट की. आता त्या गावांत तोवर बारा बारा मजल्यांच्या बिल्डिंगा झाल्या होत्या आणि ड्रेनेज लाईन ग्रामपंचायतीच्या काळातली, ती पण असली तर, नाहीतर ओढा. ओढा ही निसर्गानं फुकट टाकून दिलेली लाईन आहे, उतार तयार, खोदाई नाही, टेंडर नाही. फक्त त्याला ओढा म्हणायचं सोडा आणि नाला म्हणायला लागा, दोन पावसाळ्यांत सगळं गाव तसंच म्हणतं, मग नाल्यात मैला सोडला तर कोणाचं काय बिघडतंय. पुढे वर स्लॅब टाकून पार्किंग काढता येतं. कधीतरी ओढ्याला आठवतं की आपण ओढा आहोत, आमच्या आंबिल ओढ्याला 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आठवलं, भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, माणसं वाहून गेली. पण भिंत काय, परत बांधता येते. 2025 च्या जानेवारीत जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, पेशंट सापडायला लागले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हा नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज पेपरात, सगळी हद्दीत घेतलेलीच गावं. हद्द आधी पोचली, बाकी सगळं येतंय मागून.

रस्त्याचा क्रम नीट पाठ करा. आधी काँक्रीट, मग खोदाई. आमच्या गल्लीत मार्चमध्ये काँक्रीट झालं, फोटो काढले, नारळ फोडला, आणि मेमध्ये त्याच काँक्रीटला ब्रेकर लावून ड्रेनेजचा पाईप टाकला. चेंबरचं झाकण रस्त्याच्या लेव्हलला बसलं तर समजा काम कच्चं झालं, ते चार बोटं खाली किंवा चार बोटं वर पाहिजे. आमचं खाली होतं, ते खचलं, मग कोणीतरी त्यात एक मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची उलटी रोवली आणि वर लाल फडकं बांधलं. ती खुर्ची गणपतीपासून तिथंच आहे. डिलिव्हरीवाल्या पोरांना आम्ही आता पत्ताच तसा सांगतो, खुर्चीच्या पुढचं गेट.

मोठ्या सोसायटीला स्वतःचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी साफ करायचा प्लँट, लागतो. लावा की, आमच्याकडेही आहे, बेसमेंटला, व्हिजिटर पार्किंगच्या मागे. त्यातली गंमत अशी की मैल्यातली घाण जिवाणू खातात आणि त्यांना जगायला हवा लागते, म्हणून ब्लोअर चालू ठेवावा लागतो, आणि ब्लोअरला लाईटबिल येतं. ते बिल मीटिंगमध्ये वाचून दाखवल्यावर बी विंगच्या काकांनी विचारलं की जिवाणूंचा मेंटेनन्स आम्ही का भरायचा. बिनतोड प्रश्न, मिनिट्समध्ये आहे. मग ब्लोअर आधी रात्रीचा बंद झाला, मग दिवसाचा, आणि जिवाणू बिचारे गुदमरून गेले. आता तपासणीला कोणी येणार म्हटलं की आदल्या दिवशी ऑपरेटर शेणाच्या दोन बादल्या आणि गुळाची एक ढेप घेऊन येतो आणि टाकीत कालवतो, विरजण लावल्यासारखं. मी विचारलं, दादा, एका रात्रीत लागतं का हो हे? तो म्हणाला, सर, ह्या थंडीत दही लागत नाही एका रात्रीत, पण साहेब आले की ब्लोअरचा आवाज आला पाहिजे. बाकी पाणी बायपासनं थेट बाहेर, आणि बागेला टँकर.

आणि तुंबलं तर? सोसायटीच्या ग्रुपवर टाका, कोणाकडे चेंबरवाल्याचा नंबर आहे का, अर्जंट. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि असा उतरून मेला तर घरच्यांना 30 लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं 2023 साली सांगितलंय, पण तुम्ही कुठे उतरवताय, तुम्ही फक्त नंबर मागितलात. तो आला, पाचशे रुपये ठरले, त्यानं शर्ट काढून ग्रिलला अडकवला, तुम्ही नाकाला रुमाल लावून गॅलरीतून बघितलंत. चहा द्या नंतर. कागदी कपात देतात.

आता हिशेबाचं. घरात शंभर लिटर पाणी आलं की त्यातलं ऐंशी लिटर मैलापाणी होऊन बाहेर पडतं, इंजिनिअर लोक साधारण हेच धरून चालतात. तर येणाऱ्या शंभरासाठी जीव काढायचा, हंडे घेऊन मोर्चे, खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून 29 टीएमसी, आज किती टक्के भरली, हे शाळेतल्या पोराला तोंडपाठ पाहिजे. जाणाऱ्या ऐंशीचा विषय कोणी काढला तर प्रकल्पाचं नाव घ्या. आमचं नाव जायका, कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेचंच. कर्जाचा करार 2016 च्या जानेवारीत, मूळ प्रकल्प 990 कोटींचा, त्यातले 85 टक्के केंद्राचे, 11 नवी केंद्रं, 396 एमएलडी, म्हणजे रोज 39 कोटी 60 लाख लिटर, मैलापाणी साफ होणार, आणि कामाची वर्क ऑर्डर निघाली 2022 साली. मधली सहा वर्षं नुसत्या 'जायका येतंय'वर निघाली, एवढं टिकाऊ बांधकाम पुण्यात दुसरं दाखवा.

तोवर काठ सुंदर करा. आमचा नदीकाठ सुधार 44 किलोमीटरचा आहे, बसायला पायऱ्या, चालायला ट्रॅक. पाण्याचा वास येतो म्हणणारी माणसं असतात, त्यांना जलपर्णी दाखवा, मैल्यावर कशी तरारून येते बघा, उन्हाळ्यात सगळं पात्र हिरवंगार, न लावता न कापता लॉन. 2024 च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडे नदीवर डासांसारख्या किड्यांचा अख्खा खांबच्या खांब आकाशात फिरत होता, व्हिडिओ देशभर गेला. पर्यटन म्हणतात ते हेच.

फ्लॅट मात्र घेताना नदीच्या वरच्या अंगाला घ्या, म्हणजे सगळं आपोआप पुढे जातं. संगम, बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊरच्या चिंतामणीला वळसा घालून पुढे भीमेत आणि तिथून उजनीत. उजनीतून सुटलेलं पाणी पंढरपूरला पोचलं की त्याला चंद्रभागा म्हणतात. जून-जुलैत पालखी येते तेव्हा आम्ही वारकऱ्यांना केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटतो, पाय चेपून देतो, हात जोडतो. बाकीचं वर्षभर जे पाठवतो ते त्यांच्या आधीच तिथं पोचलेलं असतं.

माझी आत्या सोलापूरला असते, तिच्या नळाला उजनीचंच पाणी, ते पण चार-पाच दिवसांनी एकदा. परवा फोनवर मी तिला सगळं रंगवून सांगत होतो, नदीकाठ काय, ट्रॅक काय, एकदा ये बघायला, म्हणून. ती म्हणाली, "येते की रे. आता ठेवते, नळ आलाय. तुरटी फिरवाय बसते."