परत आला म्हणून मार?

आज सकाळी आपल्या इंदूरच्या दशहरा मैदानावर एका पोराशी भांडून आले. चांगलंच भांडले. घरी येऊन चहा झाला तरी डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितेय. 'सकाळी सकाळी हिला काय झालं' असं ज्यांना वाटतंय त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

पोरगा एकोणीस-वीसचा असेल. त्याच्याकडे तीन-साडेतीन महिन्यांचं कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याचं पिल्लू. गळ्यात लोखंडी साखळी अशी जाड, की म्हैस बांधावी. पिल्लू हातातून सुटलं, कबुतरांमागे धावलं, अर्ध्या मैदानाला चक्कर मारली आणि जीभ बाहेर, शेपटी गोल गोल, असं आनंदात त्याच्याकडे परत आलं. याने पायातली चप्पल काढून दोन हाणल्या. वर मलाच सांगतो, "काकू, शिकारी नस्ल आहे, मारल्याशिवाय ऐकत नाही."

अरे गाढवा, ते परत आलं होतं!

तू मारलंस ते पळाल्याबद्दल. त्याला काय कळलं? याच्याजवळ गेलं की चप्पल पडते. पळणं तर मस्तच झालं होतं. मार परत आल्यावर बसला.

हे मी एवढ्या ठामपणे का सांगतेय? कारण तीन वर्षांपूर्वी याच मैदानात मी हेच केलंय. चप्पल नव्हती, हात होता, एवढाच फरक.

आमचा जिऱ्या इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. पूर्ण नाव जिरावन, म्हणजे आपल्या पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला, रंग तसाच म्हणून. यांच्या मामेभावाने सांगलीकडून आणून दिला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि आमच्या घराण्यात त्याआधी कुणी मासासुद्धा पाळला नव्हता. कारवान म्हणा, मुधोळ म्हणा, पाळणाऱ्यांमध्ये त्या नावांवरूनही भांडणं आहेत, मला त्यात पडायचं नाही. 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव आलं आणि ज्याला त्याला हे कुत्रं हवंसं झालं. आमच्या यांनाही. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी इंग्लंडच्या राजाला ही कुत्री भेट दिली होती, हे ऐकवून ऐकवून माझे कान किटवले. राजाला दिली ना? राजाकडे मैदानं होती. आमच्याकडे लोकमान्य नगरात दोन खोल्या, गॅलरी आणि सासूबाईंचं तुळशीवृंदावन.

पहिलं वर्ष लोकांना उत्तरं देण्यात गेलं. "खायला घालत नाही का हो?" बरगड्या दिसतात, माकडहाडाजवळची हाडं दिसतात, ते तसंच असतं, त्याची घडणच धावायची आहे. दूधवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांना सांगितलं. आईंना मात्र काही सांगावं लागलं नाही. आमचं कुलदैवत खंडोबा. "देवाबरोबरचं कुत्रं आहे," म्हणाल्या आणि पहिल्याच दिवशी आपल्या ताटातला पोळीचा तुकडा त्याला दिला. ताटातलं घालू नका, असं मी तीन वर्षं सांगतेय.

तर तो दिवस. जिऱ्या सात महिन्यांचा. थंडीची सकाळ, मैदानावर आम्ही दोघंच. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवतो ना आपण? त्या शहरातली एकुलती एक पॉलिथिनची पिशवी नेमकी आमच्यासमोरून उडत गेली. ही जात नाकाने नाही, डोळ्याने शिकार करते. काही हललं की मागे. ससा आहे की पिशवी, हे नंतर. एक झटका, आणि पट्टा माझ्या हातात, कुत्रा गायब. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, साधा पट्टा सरळ निघून येतो, त्यांच्यासाठी ओढल्यावर थोडाच आवळणारा रुंद पट्टा मिळतो. हे मला कधी कळलं? त्याच दिवशी दुपारी. आधी कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अन्नपूर्णा रोडच्या दिशेने गेला. मी ओढणी खोचून मागे. एका बसचा करकचून ब्रेक ऐकू आला तेव्हा मी रस्त्यातच खाली बसले. चाळीस मिनिटं. एका चप्पलचा अंगठा तुटला, हाका मारून घसा बसला. आणि मग हा पठ्ठ्या आपणहून मैदानाच्या गेटमधून धापा टाकत आला, माझ्या गुडघ्याला डोकं घासलं. मी त्याच्या तोंडावर सणसणीत हात मारला.

भीतीने मारलं. मान्य. पण त्याला ते कसं कळणार?

त्यानंतर दोन महिने हाक मारली की तो यायचा, पण दहा पावलांवर थांबायचा. पुढे नाही. शेपटी खाली, एक पाय उचललेला, माझ्या हाताकडे बघत. तोंडाकडे नाही हं, हाताकडे. घरातसुद्धा. आईंनी एवढंच विचारलं, "काय केलंस गं त्याला?" मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय, त्याही ही पोस्ट वाचतील.

एक ट्रेनर बोलावला होता. त्याने पहिल्याच दिवशी काठी मागितली, म्हणून दुसऱ्या दिवशी बोलावलाच नाही. मग आमचं आम्हीच केलं. 'ये' हा शब्द मी स्वतःच्या हाताने नासवला होता, तो टाकून दिला. तीस फुटांची सुती दोरी, डब्यात उकडलेली कलेजी (आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात त्यावरून काय रामायण झालं ते परत कधीतरी) आणि नवीन शब्द: पोहे. आधी पॅसेजमध्ये, मग गच्चीवर, मग मैदानावर. "पोहे!" म्हटलं की यायचं, कलेजी खायची आणि परत सुटायचं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दहा वेळा बोलावायचं, नऊ वेळा पुन्हा खेळायला सोडायचं. नाहीतर हाक म्हणजे खेळ संपला, असं त्याच्या डोक्यात बसतं. इंदूरच्या मैदानावर सकाळी सात वाजता "पोहे!" ओरडून बघा. कुत्रा येईल न येईल, वॉकवाले चार काका नक्की वळून बघतात.

पाच महिने लागले. आता शंभर टक्के येतो का? नाही. मांजर दिसली की माझे पोहे गेले तेल लावत. म्हणून दोरी अजून सुटलेली नाही. आणि हो, एवढा सोस होता तर रस्त्यावरचं देशी पिल्लू का नाही घेतलंत, हे विचारणारे बरोबर आहेत. पुढे.

पण 'शिकारी, शिकारी' म्हणून छाती फुगवणाऱ्यांना विचारायचंय, तुम्ही कसली शिकार करणार आहात? 1972 पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे, ससा मारला तरी गुन्हा. होळकरांची शिकार चालायची ते आपलं रालामंडल आज अभयारण्य आहे. आणि धावायला कारवानला शिकवावं लागत नाही, ते घेऊनच तो जन्मतो. त्याला शिकवायचं ते फक्त परत यायला. आणि त्यावरच तुम्ही चप्पल मारता!

परत चढलं बघा डोकं. पाणी पिऊन आले.

खरं म्हणजे पोरगा वाईट नसावा. मी ओरडल्यावर त्याचे कान लाल झाले. "तुम्ही जा ना काकू," म्हणाला, मग पिल्लाला हाक मारली. पिल्लू आलं आणि दहा पावलांवर थांबलं. एक पाय उचललेला. मी त्याला म्हटलं, "खाली बस, त्याच्याकडे बघू नकोस, हात मांडीवर ठेव." बसला नाही. पण चप्पल पायात घातली.

जिऱ्याचा लहानपणीचा रुंद पट्टा माळ्यावर आहे, मघाशी काढून ठेवलाय. कलेजी गॅसवर आहे. आईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "आज जास्त का गं?" तो पोरगा उद्या साडेसहाला येतो की नाही, बघते.