पुस्तकात असं नाही, मामा!

कादंबरीवरून काढलेला चित्रपट एक तर एकट्याने पाहावा, नाही तर ज्यांनी ती कादंबरी वाचलेली नाही अशांच्या संगतीत पाहावा. माझ्या नशिबी तिसरीच बैठक आली. डावीकडे कादंबरी तोंडपाठ असलेला भाचा, उजवीकडे त्याचे वडील, म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आमचे दाजी, आणि समोर पलंगावर शेंगा फोडत बसलेली आत्या. महिना मे, गाव लातूर. चित्रपट स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा, 2018 साली आलेला ‘रेडी प्लेअर वन’. अर्नेस्ट क्लाइन यांची त्याच नावाची कादंबरी 2011 साली निघाली, हे मला चित्रपट सुरू होण्यापूर्वीच भाच्याने दोनदा सांगितले होते.

लातूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून चित्रपट पाहता येत नाही आणि कूलर चालू ठेवून ऐकता येत नाही. त्यामुळे पडद्याखाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून त्यांचे जागच्या जागी मराठी करण्याची कामगिरी सर्वानुमते माझ्याकडे सोपवण्यात आली. पहिल्याच मिनिटाला नायक सांगतो, की आपला जन्म 2027 चा, मक्याच्या पाकाचा दुष्काळ आणि इंटरनेटच्या दंगली होऊन गेल्यानंतरचा. मी ते इमानेइतबारे मराठीत सांगितले. आत्याच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“पाकाचा दुष्काळ? आन् पाणी होतं म्हण की त्यांच्याकडं!”

ज्या शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात हा संवाद विनोद म्हणून खपणे शक्यच नव्हते. त्यात पुढच्याच दृश्यात नायकाची वस्ती आली. राहण्याच्या गाड्या एकीवर एक रचून उभे केलेले ते लोखंडी मनोरे पाहून जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात भविष्याविषयी काय धास्ती दाटली असेल ती असो. दाजी मात्र पुढे सरसावले आणि सगळ्यात वरच्या घराला पाणी कसे चढते, मोटर कुठे बसवली आहे आणि पाइप किती इंची आहे, याची पडद्याकडे बोट दाखवून चौकशी करू लागले. “दाब पुरणार नाही,” असा निर्वाळा त्यांनी दिला, तोवर नायक खाली उतरून निघूनही गेला होता.

कथानक तसे अवघड नाही. 2045 सालच्या भकास जगाला कंटाळलेली माणसे डोळ्यांवर यंत्र चढवून ओएसिस नावाच्या आभासी दुनियेत दिवस काढतात. तिचा निर्माता हॅलिडे मरताना त्या दुनियेत तीन चाव्यांच्या आड एक गुपित ठेवून जातो आणि ते शोधेल त्याला सगळी मालकी देऊन टाकतो. शोधाच्या खाणाखुणा त्याच्या तरुणपणातल्या खेळांत आणि चित्रपटांत दडलेल्या असतात. आत्याला एवढाच प्रश्न पडला, की चुलत्या-पुतण्यांपैकी कोणी कोर्टात दावा कसा टाकला नाही.

पहिली चावी मोटारींच्या शर्यतीत मिळते. वाटेत ‘जुरासिक पार्क’मधला डायनासोर येतो, आणि तो आला तेव्हा खोलीत प्रथमच एकमत झाले, कारण 1994 साली हिंदीत बोलणारा हा प्राणी दाजींनीही पाहिला होता आणि मीही. शर्यत जिंकण्याची युक्ती म्हणजे गाडी उलटी पळवणे. “यात काय विशेष? गंजगोलाईत सोळा रस्ते मिळतात, तिथं रिक्षावाले हेच करायलेत की,” दाजी म्हणाले.

“पुस्तकात असं नाही, मामा!” भाचा कळवळला. “पुस्तकात शर्यतच नाही. तो एका थडग्यात जातो आणि तिथल्या राजाशी जाउस्ट नावाचा जुना व्हिडिओ गेम खेळतो.”

माझे मत विचाराल तर स्पीलबर्ग यांनी केले ते योग्यच केले. एक माणूस जुना गेम खेळतो आहे हे पुस्तकात पानेच्या पाने वाचता येते. पडद्यावर ते पाहायचे म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याचा मोबाइल पाहण्यासारखे आहे. हे मी बोलून दाखवले नाही. मला त्याच घरात मुक्काम करायचा होता.

खरी गंमत भाच्याच्या हळहळीची होती. ज्याचा जन्म या शतकातला आणि बालपण शिकवणीच्या वर्गांत गेलेले, तो अमेरिकेतल्या 1980 च्या दशकासाठी गलबलून येत होता. ज्यांनी ते दशक प्रत्यक्ष भोगले त्या दाजींना व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अटारी कंपनीचे नावही ठाऊक नव्हते. त्यांचे ते दशक म्हणजे एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर, अंगणात अंथरलेल्या सतरंज्या, आणि पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या की करकरीत नोट कॅसेटच्या खाचेतून आत सारून हेड पुसणारा पोरगा. त्या नोटेचे वर्णन करता करता शेवटच्या लढाईचा बराचसा भाग सरला. पडद्यावर मेकागॉडझिला हा जपानी चित्रपटांतला यांत्रिक राक्षस धुमाकूळ घालत होता, भाचा “पुस्तकात नायक अल्ट्रामॅन होतो” म्हणून तळमळत होता, आणि दाजी त्या नोटेचा वास सांगत होते. त्याआधी मधल्या एका प्रसंगात नायक-नायिका दिव्यांच्या झगमगाटात अधांतरी नाचू लागले, तेव्हा तर दाजींनी मांडीवर थाप मारली होती.

“हे आमच्या मिथुनचं उचललंय!”

“पप्पा, हे जॉन ट्रॅव्होल्टाचं आहे. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’, 1977 सालचा.”

“‘डिस्को डान्सर’ 1982 चा. मी स्वतः पाहिलाय. तू कुठं होतास?”

या युक्तिवादावर भाच्याकडे उत्तर नव्हते.

अखेरचे कोडे एका जुन्या खेळातले. अटारी कंपनी खेळ बनवणाऱ्यांची नावे छापत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट याने ‘अॅडव्हेंचर’ या आपल्या खेळात एक चोरखोली करून तिथे स्वतःचे नाव लपवून ठेवले. ही हकिकत खरी आहे, आणि मी ती जरा गहिवरूनच सांगितली. आत्या म्हणाली, “म्हंजे भांड्यावर नाव घातलं म्हण की.” चित्रपटावरची ही त्या रात्रीची सर्वांत अचूक प्रतिक्रिया असावी असे मला अजूनही वाटते.

शेवटी विजेता नायक दर मंगळवारी आणि गुरुवारी ओएसिस बंद ठेवण्याचा निर्णय घेतो, जेणेकरून लोकांनी खऱ्या जगातही थोडे जगावे. लोडशेडिंगचे वेळापत्रक पाठ असलेल्या दाजींना या उदात्ततेत नवे काही आढळले नाही. बंद किती ते किती, एवढेच त्यांनी विचारले.

जेवायला बसलो तरी भाच्याची यादी संपेना. पुस्तकातला नायक ओक्लाहोमात राहतो, इथे त्याला सुरुवातीपासूनच ओहायोत बसवला. पुस्तकात त्याच्या एका जोडीदाराचा खरोखर खून होतो, इथे तो सुखरूप. आणि मंगळवार-गुरुवार तर पुस्तकात नाहीतच. ताटातल्या भाकरीला त्याने हातही लावला नव्हता.

“आणि सगळ्यात वाईट म्हणजे हॅलिडेचं शेवटचं बोलणं बदललं, मामा. पुस्तकात तो म्हणतो, की खरं सुख फक्त खऱ्या जगातच मिळतं. इथं त्याच्या तोंडी घातलंय, की बरं जेवण फक्त खऱ्या जगातच मिळतं!”

आत्याने त्याच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली, तिच्यावर करडईच्या तेलाची धार धरली आणि विचारले, “मग बदललं काय त्यात?”