अण्णांची करंगळी आणि फोर्डचा घोडा

डिझायनरांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. म्हणे दहा वर्षं काम केलेल्याला युजर रिसर्च (वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास) लागत नाही, लोकांना काय हवं ते लोकांनाच कळत नाही, आणि एवढा वेळ-पैसा आहे कुणाकडे? साक्षीला मोटारवाला हेन्री फोर्ड: ‘विचारलं असतं तर लोकांनी जास्त पळणारा घोडा मागितला असता.’

फोर्ड असं बोलल्याचा पुरावाच नाही. घडलं ते उलटं. १९०८ची त्याची मॉडेल टी मोटार स्वस्त आणि दणकट होती. पण पुढं गिऱ्हाईक रंग मागू लागलं, हप्ता मागू लागलं. प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सनं ते दिलं. फोर्ड अडून बसला आणि १९२७मध्ये त्याला मॉडेल टी बंद करावी लागली.

आता अनुभव. माझा अकरा वर्षांचा. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यासाठी उत्पादन नोंदवायचं ॲप केलं. नोंद झाली की टिंग वाजणार, हिरवी खूण क्षणभर चमकणार. शेडमध्ये गेलो तर मागांच्या खडखडाटात शेजारचा ओरडला तरी ऐकू येईना. विणकर अण्णांची बोटं तेलकट, म्हणून ते करंगळीनं स्क्रीन दाबत. खूण चमकेपर्यंत नजर परत मागावर. नोंद झाली की नाही कळेना, मग पुन्हा दाबायचे. ॲपमध्ये डझन दुप्पट! खरा हिशेब भिंतीवर, खडूनं.

मी त्यांना एक अक्षर विचारलं नव्हतं, नुसता अर्धा तास उभा होतो. रिसर्च म्हणजे ‘काय हवं?’ विचारणं, हाच पोस्टचा मूळ घोळ.

अण्णांचा अनुभव मात्र पक्का, कारण धागा तुटला की कापड लगेच सांगतं. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे अनुभवी माणसाच्या अंदाजाबद्दल दोन विरुद्ध टोकांचे मानसशास्त्रज्ञ. २००९मध्ये त्यांनी एकत्र लिहिलं, तेही हेच: परिस्थिती ठरावीक नेमानं चालत असेल आणि चूक लवकर कळत असेल, तरच मुरलेल्या माणसाच्या अंदाजावर विसंबावं. आम्ही डिझायनर बिल वसूल केलं की शेडकडे फिरकत नाही. चूक कळणार कधी?

खर्चाचं म्हणाल तर माझा अर्धा तास आणि रिक्षाभाडं.

रिसर्चही फसतो, हे कबूल. १९८५मध्ये कोका-कोलानं सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन नवा कोक आणला आणि तीन महिन्यांच्या आत जुना परत आणावा लागला. घोटाची चव विचारली, जुना कोक कायमचा गेला तर काय वाटेल हे नीट जोखलंच नाही. काय विचारायचं हे कळायला अनुभव लागतो, तो इथं.

ॲपमधला आवाज काढला. आता अख्खा स्क्रीन हिरवा होतो आणि पुढचं बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. अण्णा भिंतीवर खडूनं लिहितातच.