पाणी सगळ्यांना मिळायचं का?

परिसर अभ्यासाच्या तासाला बहुतेक ठिकाणी काय चालतं, तर धडा वाचायचा, खालचा स्वाध्याय, एका वाक्यात उत्तरे लिहा, आणि ती उत्तरं फळ्यावरून वहीत. शनिवारवाडा कोणी बांधला? पहिल्या बाजीरावांनी. संपलं. घरी दिवसभर 'का' 'का' करून डोकं खाणारं नऊ वर्षांचं पोर या तासाला गप्प बसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी चौथीला शिकवते. माझं म्हणणं एवढंच आहे की एक मोठा प्रश्न घ्या आणि दोन-तीन आठवडे त्याच्याच मागे लागा. आमचा प्रश्न होता, पुण्यात पाणी कुठून आलं आणि ते कोणाला मिळालं?

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून नळ काढून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं. हे मी आधी सांगितलंच नाही. फक्त विचारलं, मोटर नाही, लाईट नाही, मग पाणी आलं कसं? बैलगाडीतून, पखालीतून, बरंच काय काय आलं. मग एक मुलगा म्हणाला, टीचर कात्रजला जाताना सायकलवर दम लागतो पण येताना पॅडल मारावंच लागत नाही. झालं, उतार सापडला! मग नकाशा काढला, कारण आता त्यांना तो हवा होता.

पुढे विषय हौदांवर आला. काळा हौद, बदामी हौद ही नावं मुलांनी ऐकलेली असतात. तिथे कोणीही पाणी भरू शकायचं का? महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, हे तेव्हा सांगितलं. एका मुलीने लगेच विचारलं, म्हणजे त्याआधी ते लोक पाणी कुठून आणायचे? असा प्रश्न कुठल्या गाईडमध्ये सापडणार सांगा.

घरी जाऊन आजी-आजोबांना 12 जुलै 1961 बद्दल, म्हणजे पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला त्या दिवसाबद्दल, विचारा असंही सांगितलं होतं. नदीकाठच्या आजोबांनी पानशेतच्या पुराची एक गोष्ट सांगितली, उंचावर राहणाऱ्या आजींनी दुसरीच, त्यांना आठवतं ते पूर ओसरल्यावर प्यायच्या पाण्याचे झालेले हाल, कारण पुण्याला पाणी पुरवणारं खडकवासल्याचं धरणही फुटलं होतं. दोघंही खरंच सांगतायत मग गोष्ट वेगळी का, यावर अख्खा तास गेला आणि जाऊ दिला.

पण नुसतं 'तुम्हाला काय वाटतं?' विचारून भागत नाही हं. त्यावर मुलं काहीही बोलतात आणि विषय हवेत जातो. 'हे तू कशावरून म्हणतोस?' हे मागोमाग यायलाच हवं, आणि हातात नकाशा, जुना फोटो, घरच्यांनी सांगितलेली आठवण असं काहीतरी पाहिजे. आणि उत्तर आधीच ठरवून तिथपर्यंत मुलांना ढकलत नेणं, ते तर मुलं लगेच ओळखतात.

पालक विचारतात, परीक्षेत येणार का हे? सन-नावं येतील तेवढी येतील, त्याची तयारी वेगळी करूनच घेतो. वर्गात मुलं भरपूर, तास छोटा, त्यामुळे प्रत्येक धडा असा होणार नाही हेही मान्य. सत्रात असे दोन प्रश्न झाले तरी चालतील, पण व्हायलाच हवेत.

आता एक मदत हवीय. कसबा, शुक्रवार, सदाशिव, कुठल्याही पेठेत तुमच्या वाड्यात जुना हौद अजून असेल, कोरडा असला तरी चालेल, तर मेसेज करा. मुलांना घेऊन बघायला यायचंय.