‘पाळी गेली की लघवी गळायचीच’?

‘पाळी गेल्यावर लघवी गळणं वयाचंच. पाणी कमी प्या, दर तासाला जाऊन या, लघवी मधेच रोखायचा व्यायाम करा, उन्हाळी लागली तर खायचा सोडा घ्या.’ हा संदेश बायकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे.

‘वयाचंच’ हे अर्धं खरं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं. योनीतले लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जंतू कमी झाले की तिथली आम्लता उतरते आणि आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूला रान मोकळं मिळतं. उन्हाळी पुन्हापुन्हा लागते ती यामुळे. पण यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम आहे: साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते फारच थोडं उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारायचं.

पाणी तोडणं हा यातला सगळ्यात वाईट सल्ला. दाट लघवी मूत्राशयाला डिवचते, शिवाय मलावरोध होतो आणि कुंथून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणखी सैलावतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे बंधन नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर हवंच. कमी करायचा तो चहा. रात्री उठावं लागतं आणि पायही सुजतात? संध्याकाळी तासभर पाय उंच ठेवून पडा. पायांतलं पाणी झोपेआधीच लघवीवाटे निघून जातं.

दर तासाला गेलं तर मूत्राशयाला थोडक्यातच घाई करायची सवय लागते. उलट करायचं: तीन दिवस लघवीच्या वेळा लिहून काढा, नेहमीच्या अंतरात 15 मिनिटं वाढवा, जमलं की आणखी 15. निदान सहा आठवडे द्या.

व्यायाम बरोबर, वेळ चुकीची. लघवी मधेच तोडली तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. वारा रोखताना आवळतो ते स्नायू एरवी आवळा: एका वेळी 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, 3 महिने. पोट, मांड्या ढिल्या, श्वास चालू. शिंकताना-खोकताना गळणाऱ्यांना याचा गुण जास्त.

सोड्याने जंतू मरत नाहीत. चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅम सोडियम असतं, रक्तदाबवालीला ते महागात पडेल. जळजळ असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी मधल्या धारेची लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, द्या. त्रास काहीच नाही, नुसते रिपोर्टात जंतू, तर सहसा औषध लागत नाही.

लघवीत रक्त दिसलं तर काय, हे त्या संदेशात नाहीच. दुखत नसलं, एकदाच दिसलं, तरी डॉक्टरांकडे जायचं.